दिवाळीची सुट्टी संपली, आता वर्गात काय चालतं? दुसऱ्या सत्राबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईकडची एक आई विचारते: दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या. मुलगी दुसरीत आणि मुलगा चौथीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. दुसऱ्या सत्रात वर्गात नेमकं काय शिकवतात? सुट्टीत मुलगी वाचायचं विसरल्यासारखी झाली आहे. घरी तिचं काय घ्यावं, आणि ट्यूशन लावावी का?

ताई, ट्यूशनचं उत्तर आधीच देऊन टाकते: लावू नका. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल. मी तेवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. सुरुवातीची वर्षं बीड जिल्ह्यात गेली, आता लातूर जिल्ह्यात आहे. तेव्हा जे सांगते आहे ते आपल्याकडच्या वर्गातलं आहे. शहरातल्या काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांची नाताळची सुट्टी आणि एप्रिलपासूनचं वर्ष हा हिशोब वेगळा आहे. त्यांच्याकडे जानेवारीत उजळणी सुरू झालेली असते, आपल्याकडे तेव्हा शिकवणं ऐन भरात असतं.

कागदावर दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं, म्हणजे पाच-साडेपाच महिने. प्रत्यक्षात इतके दिवस हातात नसतात. डिसेंबरात केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) आणि तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा. आमच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी वर्गात चिटपाखरू नसतं, सगळं गाव शेतात. जानेवारीत सावित्रीबाईंची जयंती, जिजाऊंची जयंती, प्रजासत्ताक दिनाची तयारी, स्नेहसंमेलन. मार्चपासून ऊन चढतं आणि सकाळची शाळा होते. एप्रिलात परीक्षा. शिकवायचे भरीव दिवस म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. म्हणून दुसऱ्या सत्रात शिक्षकाला एक निवड करावीच लागते. पुस्तक पुढं रेटायचं, की निसटलेलं आधी धरायचं?

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी पुस्तक रेटलं होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारीच दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी सुरू केली, कारण वार्षिक नियोजनात तसं लिहिलं होतं. फेब्रुवारीत पाहिलं तर निम्म्या वर्गाला ४७ मध्ये दशक कोणता हेच सांगता येईना. वजाबाकी तर सोडाच. तो महिनाभर मी रात्री घरी स्वतःवरच चिडत होते. तेव्हापासून सुट्टीनंतरचे पहिले पंधरा दिवस माझ्या वर्गात नवा धडा नसतो. मुख्याध्यापकांना ते नेहमी रुचतं असं नाही.

या पंधरा दिवसांत पहिलं काम हजेरीचं असतं. बीडमध्ये होते तेव्हा दिवाळीनंतर हजेरीपटावर नावं तेवढीच आणि वर्गात मुलं निम्मी, असं असायचं. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. लहान मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्यावर जातात. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय त्यातून होते. जे जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येतं. पाडव्याच्या आसपास ही मुलं परततात, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. म्हणून आमच्याकडे दुसरं सत्र दोनदा सुरू होतं, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा मार्चमध्ये. हे तुमच्या प्रश्नात नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या मुलीच्या बाई मार्चमध्ये अचानक मागचं शिकवताना दिसल्या तर त्याचं कारण हे असू शकतं.

आता तुमच्या मुलीकडे येते. दुसरीची पोर सुट्टीत वाचायचं विसरत नाही. तिचा सराव तुटतो आणि तुटला की सगळ्यात आधी जोडाक्षरं अडतात. साधे शब्द ती आठवड्याभरात धडाधड वाचू लागेल. जोडाक्षरं मात्र पुन्हा दाखवावी लागतात, त्यातही 'र'. हे अक्षर मराठीत चार वेश घालतं. 'धर्म'मध्ये ते डोक्यावर जाऊन बसतं, 'चक्र'मध्ये पायात तिरकी रेघ होतं, 'राष्ट्र'मध्ये खाली काकपदासारखं उभं राहतं आणि 'दुसऱ्या'मध्ये आडव्या चंद्रकोरीसारखं दिसतं. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण आपण शब्द अख्खा ओळखतो. सात वर्षांच्या मुलाला मात्र 'धर्म' हा शब्द डोळ्यांना 'धम' आणि वर काहीतरी असा दिसतो. रफार उच्चारात 'म'च्या आधी येतो आणि लिहिताना 'म'च्या डोक्यावर बसतो. मूल 'धमर' वाचतं ते आळसामुळे नाही. ते डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतंय.

मी यासाठी एसटीच्या पाट्या वापरते. फळ्यावर मोठ्या अक्षरात धर्माबाद, परळी वैजनाथ, छत्रपती संभाजीनगर, तुळजापूर लिहिते आणि शेवटी बसच्या अंगावर असतं ते 'महाराष्ट्र राज्य परिवहन'. मुलं एकेका पाटीचा कंडक्टर होतात. धर्माबादचा रफार एकदा गळ्यात बसला की सूर्य, वर्ग, दर्शन आपोआप येतात. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यातला फरक दुसरीत सांगायची गरज नाही, पण चौथीतल्या तुमच्या मुलाला विचारून बघा. पहिल्यात गुरूला देणं आहे, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. त्याला मजा वाटेल.

लिहिण्यात मात्र जरा दमानं घ्या. आपल्याकडची मुलं घरी 'पानी' म्हणतात आणि वहीत 'पानी'च लिहितात. 'शाळा'चं 'साळा' होतं. दुसरीत मी त्यावर लाल गोल करत नाही. शेजारी नुसतं 'पाणी' लिहून ठेवते. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या लेकरांची घरची भाषा गोरमाटी असते, आईला ती 'याडी' म्हणतात. पहिलीत जूनमध्ये गप्प बसलेली ही मुलं बहुतेक वेळा दिवाळीनंतरच वर्गात मराठीतून बोलायला लागतात. त्या वेळी शुद्धलेखनाची छडी उगारली तर ती परत गप्प होतात, हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा पाहिलंय.

वाचन कुठवर यावं याचा एक मापदंड सरकारनं दिलेला आहे. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६०, असं म्हटलंय. संख्यांच्या बाबतीत पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत वाचन-लेखन. हे वर्षाच्या शेवटचं लक्ष्य आहे, दिवाळीच्या वेळचं नाही. तेव्हा घरी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पोरीला पळवू नका. मला वेगापेक्षा 'समजून' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. परिच्छेद वाचून झाल्यावर "मग त्या शेळीचं काय झालं?" असं विचारल्यावर मूल वर बघून सांगतंय की पुन्हा पुस्तकात बोट फिरवतंय, तेवढं बघा.

दुसरीच्या दुसऱ्या सत्राचा खरा डोंगर गणितात आहे. मराठीत आपण 'सत्तावीस' म्हणतो, म्हणजे आधी सात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ७. मूल कानानं ऐकतं तसं लिहितं आणि ७२ करतं. शेजारच्या तेलुगू-कन्नडमध्ये ही अडचण नाही. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू घरात 'इरवै एडु' म्हणतात, उदगीर-उमरग्याकडच्या कन्नड घरात 'इप्पत्तेळु'. दोन्हीत वीस आधी, सात नंतर. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. विधानसभेपर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी कारण नीट समजावून सांगितलं होतं, पण तोवर लोकांनी विनोद करून घेतले होते. मी स्वतः दोन्ही घेते. सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे 'वीस सात म्हणजे सत्तावीस' असं जोडीनं म्हणायचं, मग 'वीस सात' हळूच सोडून द्यायचं. बाजारात कोणी 'वीस सात रुपये' म्हणत नाही हे खरं, पण पांगुळगाडाही बाजारात कोणी नेत नाही.

दुसरी अडचण 'एकोण'ची. एकोणचाळीस ऐकलं की चाळीसचा ४ कानात बसतो आणि वहीत ४९ उतरतं. 'एकोण म्हणजे एक उणा' हे एकदा सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं. चाळीस चिंचोके मांडायचे, एक उचलून मुठीत लपवायचा आणि विचारायचं किती उरले. मुलं मोजत बसतात, मग एखादं ओरडतं, "मॅडम, चाळीसला एक कमी!" तेव्हाच फळ्यावर 'एकोणचाळीस' लिहायचं. हा नियम पार एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला दगा देतो. त्याबद्दल मी मुलांची माफी मागते.

हे पक्कं झालं की मगच बिनहातच्याची आणि नंतर हातच्याची वजाबाकी. दिवाळीनंतर दुसरीत हाच मुख्य पाठ असतो असं म्हटलं तरी चालेल. ५२ मधून २७ काढायला सांगा. दहातली सहा मुलं ३५ लिहितील. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात, पाच. मग पाचातून दोन, तीन. मुलानं आपल्या परीनं नियम पाळलाय: मोठ्यातून लहान काढायचं. त्याला 'चूक' म्हणून उपयोग नाही, कारण त्याच्या मते त्यानं काहीच चुकवलेलं नाही.

मी खराट्याच्या काड्या वापरते. दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून मुलांकडूनच बांधून घेते. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, हे झाले ५२. आता सत्तावीस दे मला. मूल दोन सुट्या देतं आणि थांबतं. सात पाहिजेत, दोनच आहेत. मागच्या वर्षी एक पोरगा गठ्ठ्याकडे नुसता बघत बसला. मी म्हटलं, "कामून थांबलास रे?" तर म्हणाला, "मॅडम, गठ्ठा सोडावा लागंल. आत्ताच बांधलाय की!" त्यानं फार निगुतीनं बांधला होता, त्याला सोडवेना. शेवटी शेजारच्या पोरीनं रबर ओढलं. दहा काड्या पसरल्या, सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन उरले. पंचवीस. मग त्यानंच फळ्यावर ५ ला काट मारून वर ४ लिहिला आणि २ च्या वर १२. 'हातचा घेतला' या शब्दांना त्या क्षणी अर्थ आला, नाहीतर ती नुसती काटाकाटी असते.

घरी हेच करा. खराटा नसेल तर चिंचोके, ज्वारीचे दाणे नकोत, फार बारीक होतात. रोज तीनच उदाहरणं. पाढ्यांत मी आधी २, ५ आणि १० चे घेते, बोटांवर आणि नोटांवर सहज बसतात म्हणून.

चौथीच्या मुलाचं चित्र वेगळं आहे. त्याला वाचता येतं असं धरून चाललंय, म्हणून त्याच्याकडे घरात कोणी बघत नाही. पण चौथीत दुसऱ्या सत्रात लिहिण्याचा भार एकदम वाढतो. 'तुझ्या शब्दांत लिही' असे प्रश्न यायला लागतात आणि मुलं पुस्तकातलं वाक्य उतरवून मोकळी होतात. त्याला रोज चार ओळी लिहायला सांगा, कशावरही. येळवशीला शेतात काय झालं, भज्जी-अंबील कोणी केली, कुत्रं कुणाच्या ताटात तोंड घालून गेलं. चुका मोजू नका.

चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती. जुनी पिढी त्या पुस्तकावर वाढली आणि अजूनही आमच्या वर्गात तेच सगळ्यात आवडतं पुस्तक आहे. दुसऱ्या सत्रात आग्र्याहून सुटका, कोंढाणा, राज्याभिषेक हा सगळा चढता भाग येतो आणि मध्ये १९ फेब्रुवारीची जयंती. अडचण ही की मुलं गोष्ट घेतात, काळ घेत नाहीत. १६६६ आणि १६७४ त्यांना सारखेच, आणि पणजोबा महाराजांना भेटले असतील का असंही एकानं विचारलं होतं. मी शाळेच्या व्हरांड्यातून खडूची रेघ ओढत अंगणात नेते. एक पाऊल म्हणजे दहा वर्षं. एका पावलावर तुम्ही जन्मलात. तीन-चार पावलांवर आई-वडील. आठव्या पावलाच्या आत १९४८, मराठवाडा मुक्त झाला, तिथं एखाद्याची पणजी उभी करायची. आणि महाराजांचा जन्म, १६३०? चालत राहायचं. जवळजवळ चाळीस पावलं होतात, आमच्या शाळेत रेघ थेट हापशाजवळ जाते. तिथं पोचलेलं पोरगं मागं वळून व्हरांड्याकडे बघतं. मला आणखी काही सांगावं लागत नाही. मग तिथंच सांगते, भोसल्यांचं घराणं आपल्याच वेरूळचं, मालोजीराजांकडे तिथली पाटीलकी होती. सहल देवगिरी-वेरूळला जाणार असेल तर त्याला नक्की पाठवा. जयंतीचं पाठ केलेलं भाषण नाही आलं तरी चालेल.

परिसर अभ्यासात या दिवसांत पुस्तकाबाहेरच जास्त शिकून होतं, कारण सगळा धडा बांधावर उभा असतो. ज्वारी पोटऱ्यात येते, हरभऱ्याला घाटे धरतात, करडईला काटे येतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्ह्यानुसार वेगळं असतं. मी रब्बी-खरिपाची व्याख्या पाठ करून घेत नाही. प्रत्येकानं आपल्या रानातलं एक पान आणायचं, कोणतं दिवाळीच्या आधी काढलं आणि कोणतं आता उभं आहे ते दोन ओळींत लावायचं. सोयाबीनचं पान कुणालाच मिळत नाही, कारण ते कधीच निघालेलं असतं. तोच धडा. कापसावर मात्र भांडण होतं, पेरलेला खरिपात आणि वेचणी अजून चालू. त्या भांडणात मी पडत नाही, त्यांनाच सोडवू देते. वेचणीच्या दिवसांत पोरं गैरहजर राहतात ते वेगळंच दुखणं.

चौथीच्या गणितात मोजमाप, वेळ, परिमिती, अपूर्णांक येतात. जानेवारीतला बालबाजार हा माझ्या मते त्यावरचा सगळ्यात चांगला तास आहे, आणि बरेच पालक त्याला 'टाईमपास' म्हणतात. पोरं घरचा भाजीपाला, बोरं, टहाळ, शेंगदाण्याचे लाडू आणून विकतात. मागे एका पोरानं बोरं आणली होती. मी पस्तीस रुपयांची बोरं आणि भाजी घेतली आणि मुद्दाम शंभराची नोट दिली. तो दुकानदारासारखा मोजायला लागला, "पस्तीस," पाचचं नाणं ठेवलं, "चाळीस," दहाची नोट, "पन्नास," मग पन्नासची नोट, "शंभर. घ्या मॅडम." पासष्ट रुपये, एक पैसा इकडे-तिकडे नाही. आदल्या आठवड्यात याच पोरानं वहीत १०० − ३५ चं उत्तर ७५ लिहिलं होतं. शून्यातून हातचा घेताना तो अडखळतो. पुढच्या दिवशी मी फळ्यावर त्याची बाजारातली रीत मांडली: ३५ पासून ५, मग १०, मग ५०. वर्गाला सांगितलं ही याची पद्धत, आणि उभ्या मांडणीतलं उत्तर हिच्याशी जुळलं पाहिजे. तो आता प्रत्येक वजाबाकी दोनदा करतो, एकदा पुस्तकाची, एकदा स्वतःची. तुमच्या मुलाला आठवडी बाजाराला न्या आणि पिशवी नाही, पैसे त्याच्या हातात द्या.

पाचवीचं थोडक्यात सांगते, कारण पुढच्या वर्षी तुमचा मुलगा तिथं असेल. पाचवीच्या गणितात दुसऱ्या भागात विभाजक-विभाज्य, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती-क्षेत्रफळ, चित्रालेख असं सगळं येतं. दशांश तिथली घसरगुंडी. ३.१२ मोठे की ३.८? मुलं ३.१२ म्हणतात, कारण बारा आठापेक्षा मोठे. दूध संकलन केंद्राची पावती आणून फॅटचे आकडे लावायला सांगितले की प्रकाश पडतो, घरी बापानं ३.८ आणि ४.१ मधला भावातला फरक ऐकवलेला असतो. पाचवीला आता वार्षिक परीक्षा गांभीर्यानं होते, ३५ टक्के लागतात, नाही मिळाले तर पुनर्परीक्षा. पूर्वी आठवीपर्यंत थेट वर जात होते ते आता नाही.

नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असते, ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी पाचवीत होती, २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथीत आली; तिला दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. त्यांच्या जादा तासिका दिवाळीनंतर जोरात असतात. ज्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो तिथं या तासिकांपायी पहिली-दुसरीचा वेळ जातो, हे मी कबूल करते. मला ते पटत नाही. गावात फलक मात्र शिष्यवृत्तीधारकांचाच लागतो, दुसरीत वाचायला लागलेल्या पोरीचा कोणी लावत नाही.

परीक्षेबद्दल दोनच गोष्टी. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० आणि संकलितला ३० असं वजन आहे, म्हणजे एप्रिलच्या पेपरपेक्षा रोजच्या कामाला जास्त. तिसरी-चौथीला ते ६० आणि ४०. तेव्हा निकालपत्रकावर 'ब-१' दिसला म्हणून पेपरच्या आठवड्यात पोरीला जागवून काही होत नाही. प्रकट वाचन, तोंडी काम, वर्गातल्या कृती हे नोव्हेंबरापासून रोज नोंदवलं जातं. हजर राहणं हाच त्यातला मोठा भाग.

पुस्तकांचंही एक सांगून ठेवते. मधे काही वर्षं पुस्तकाचे चार भाग आणि त्यात वहीची कोरी पानं असा प्रयोग झाला. नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकंही पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं येत आहेत. त्यामुळे शेजारच्या ताईंच्या मुलाचा धडा कितवा चालू आहे यावरून तुमच्या मुलीचं मोजमाप करू नका. मी वर कुठेच धड्याचा क्रमांक दिला नाही तो याचसाठी. गाईड तर आणूच नका, दुसरीला तर नाहीच नाही.

घरी काय घ्यावं म्हणाल, तर मुलीचं रोज पंधरा मिनिटं. पहिल्या सत्रातला, तिला येत असलेला धडा मोठ्यानं वाचायला लावा, नवा नको. येतंय हे तिला आधी कळू द्या. मग पाच जोडाक्षरांचे शब्द आणि काड्यांची तीन उदाहरणं. महिनाभरात फरक दिसेल. नाही दिसला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतरही ती साध्या, बिनजोडाक्षराच्या शब्दांवर अडखळत असेल, किंवा फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. दोनदा माझ्या वर्गात 'मठ्ठ' म्हणून बसवलेली पोरं चष्मा लागल्यावर सरळ झाली.

आणि बाईंना भेटायला शनिवारी जा. सकाळची शाळा असते, पोषण आहार झाला की मुलं घरी जातात आणि बाई वह्या तपासत बसलेल्या असतात. जाताना मुलीची गणिताची वही घेऊन जा आणि एवढंच विचारा, "हिनं हे ३५ कसं काढलं असेल?"